मिसरातल्या गुरांचं पुढे काय झालं

सोमवार, २७ नोव्हेंबर १९७२, नांदूरघाट

पुण्याहून एस.टी.ने पार्सल आले. आत निघाले ते असे:

काळ्या मनुका पाव किलो, २ रु. ७५ पैसे.
खोबरेल एक बाटली, ४ रु. बूच सैल होते, दोन बोटे तेल पिशवीने प्यायले.
नारळ दोन, १ रु. ९० पैसे. एक तडकलेला.
वातींसाठी पिंजलेला कापूस, मिल्कामावशीकडून, भेट.
पार्सलाचे भाडे ६५ पैसे.
बिनयामीन मास्तरांचे धड्याचे कागद, चार बंद. त्यांना किंमत लावता येत नाही.

मनुका शुक्रवारी संध्याकाळी लागणाऱ्या शब्बाथच्या सरबतासाठी. रात्री भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून गाळायच्या. पाव किलोत सहा शुक्रवार निघाले पाहिजेत. सातवा निघाला तर देवाची कृपा.

जूनमध्ये यांची बदली इकडे दुष्काळी कामावर झाली. हे ओव्हरसिअर, पाझर तलावाच्या बांधावर दिवसभर उन्हात. मुले पुण्याला माझ्या आईजवळ. मी निघताना मास्तर म्हणाले होते, "हन्नाबाई, तुम्ही वर्गातून जाल, वर्ग तुमच्यातून जाणार नाही." तेव्हापासून आपल्या सिनेगॉगातल्या शनिवारच्या वर्गाचा धडा ते दर आठवड्याला लिहून पाठवतात. त्या आठवड्याचा तोराचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, भाग, वाडवडिलांनी त्याचा लावलेला अर्थ, आणि शेवटी तीन प्रश्न. उत्तरे मी पाठवायची.

या वेळी खाली बारीक अक्षरात लिहिले आहे की हनुक्काचे, आमच्या दिव्यांच्या सणाचे, कीर्तन यंदा होणार नाही. पेटी वाजवणारे कुटुंब इस्राएलला गेले, आणि योसेफाचे आख्यान म्हणणारी नांदूरघाटला गेली. ती मीच. वाचून कागद मिटला आणि रेशनची मिलो ज्वारी निवडायला बसले. लाल मिलोत खडे फार निघतात.

शुक्रवार, १ डिसेंबर

दिवेलागणीच्या आत लिहून ठेवते. एकदा शब्बाथ लागला की उद्या चांदण्या दिसेपर्यंत लेखणी धरायची नाही.

काल हनुक्काचा पहिला दिवा लावला. भिंतीपलीकडची बायनाबाई विस्तव मागायला आली होती, ती दारातच उभी राहिली. ओव्हरसिअरची बायको म्हणून मी तिची वरशेरबाई.

"वरशेरबाई, दिवाळी होऊन गेली की वो. तुमची आत्ता कावून?"

"ही आमची वेगळी. आठ दिवस चालते."

"आठ दिस तेल जाळता? आन् मला सांगता, कालवणात तेल कमी घाल म्हून!"

मागून तिची सासू सारजाबाई आली. या दोघींनी, म्हणजे सगळ्या गावानेच, आमच्याविषयी आपापले ठरवून टाकले आहे. शनिवारी चूल पेटवत नाही म्हणून आम्ही मारुतीवाले. आमच्या रीतीने कापणारा इथे कोणी नाही, म्हणून मटण आणत नाही, तर त्याचे झाले माळकरी. मी खुलासे करायचे सोडून दिले आहे. पण सारजाबाई काल खोलात शिरली.

"देवाचं नाव काय तुमच्या?"

"नाव घेत नाही आम्ही."

"नवऱ्यावाणी?"

मी म्हटले, तसेच. तिला ते पूर्ण पटले. आजवर मला कुणी इतक्या लवकर समजून घेतले नव्हते.

रविवार, ३ डिसेंबर

काल दुपारी वर्गाची फार आठवण आली. सिनेगॉगाच्या बाजूची ती लांबट खोली, चुन्याचा वास, खिडकीबाहेर शेवग्याचे झाड. प्रार्थनेला आम्ही बायका वर माडीवर, पण वर्गाला सगळी एकाच सतरंजीवर. मास्तर म्हणायचे, शिकताना पुरुष-बाई नसते, येणारा आणि न येणारा एवढेच असते. मिल्कामावशी भिंतीला टेकून झोपायची आणि नेमक्या जागी जागी व्हायची. एकदा सगळे सिनाय पर्वतावर अडकलो होतो तेव्हा डोळे न उघडता म्हणाली, "अरे, पण बायका मागे काय करत होत्या?" मास्तरांनी पुढचा सगळा तास त्यावर घालवला. मास्तरांचा नियम एकच. ज्या आठवड्याचा भाग त्याच आठवड्यात. पुढे डोकवायचे नाही. "तोंडाला पाणी सुटून घरी जा," म्हणायचे.

इथे कसला वर्ग. भिंतींना सांगायचे.

आज मिलो निवडताना सवयीने योसेफाचे आख्यान गुणगुणत होते. बायनाबाई सूप घेऊन आली आणि बसली. मग सांगावेच लागले: याकोबाला बारा मुलगे, लाडका योसेफ, भावांचा मत्सर, त्यांनी त्याला विहिरीत टाकले.

"हिरीत पाणी व्हतं का?"

"नव्हते. कोरडी होती. तसे लिहिलेच आहे."

"मंग तिकडं बी दुष्काळच," बायनाबाई म्हणाली, आणि पुढचे ऐकायला पदर सावरून बसली.

मिसरात विकला गेला, तुरुंगात पडला, इथपर्यंत आणले आणि थांबले. भाग तिथेच संपतो. तिने लई आग्रह केला. म्हटले, पुढच्या रविवारी.

रविवार, १० डिसेंबर

आजचे कसे लिहू. हात अजून हलका वाटतो.

रविवारी तलावाचे काम बंद. बायनाबाई एकटी येईल म्हणून मी एकच पोते अंथरले होते. आल्या किती तर अंगण भरले. कोणी टाळ आणले, साखराबाईने देवळातला मृदंग नातवाच्या डोक्यावर देऊन आणला. पदर खोवला, उभी राहिले. वर्षभराने पुन्हा उभी राहिले. फारो राजाच्या स्वप्नाची ओवी घेतली:

नदीतुनी आल्या, गाई सात पुष्ट।
मागुनी त्या दुष्ट, सात आल्या॥

बायकांनी दुसऱ्या फेरीला उचलून धरली. चालच त्यांच्या ओळखीची, शब्द तेवढे आमचे. हडकुळ्या गाईंनी लठ्ठ गाई गिळल्या आणि तरी हडकुळ्याच राहिल्या, हे आले तेव्हा कोणी चुकचुकले नाही. गावात तशी जनावरे रोज दिसतात. योसेफाने अर्थ सांगितला: सात वर्षे सुगी, सात वर्षे दुष्काळ. राजाने त्याला कारभारी केले, त्याने कोठारे भरली, आणि दुष्काळ आला. भाऊ धान्याला आले, त्याला ओळखेनात. धाकट्याच्या पोत्यात चांदीचा पेला सापडला, आणि...

"आणि पुढच्या रविवारी," म्हटले.

काय ओरडा झाला! सारजाबाई म्हणाली, "हे तर गोड घास दाखवून ताट काढल्यावाणी झालं." मास्तर असते तर खुश झाले असते. सगळे त्यांच्या रीतीप्रमाणेच केले.

हे संध्याकाळी बाहेरून आले. अंगणातली पावले बघून म्हणाले, "इथेही मास्तरीण झालीस?"

मंगळवार, १२ डिसेंबर

क्रमाने लिहिते.

सकाळी बायनाबाई आली ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. रोज न विचारता चुलीपर्यंत येणारी बाई.

"तुमच्या सात गाईंनी माझी गाय खाल्ली," म्हणाली.

मला कळेना. मग रडत रडत सांगितले. परवा रात्री सारजाबाईने घरी जाऊन सगळी कथा मुलाला, म्हणजे सटवाला, सांगितली. सटवाने बोटांवर मोजले. गेल्या साली पीक गेले, त्याच्या आदल्या साली गेले, हे तिसरे. म्हणजे अजून चार. चार वर्षे गुरे काय खाणार? तेव्हा येत्या सोमवारच्या बाजारात सगळी काढायची. चारी गाई. त्यात चांदी, बायनाबाईला माहेराहून आंदण आलेली, पोटात वासरू असलेली. बाजारात आता गाभण गाय कोणी दुधासाठी घेत नाही. कशासाठी घेतात ते तिने तोंडाने म्हटले नाही, मीही विचारले नाही.

मी भिंतीपाशी जाऊन सटवाला हाक मारली. म्हटले, "अहो, ती हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या मुलखातली."

"पोथीत हाय का न्हाई?"

"आहे."

"सात म्हणूनच हाय?"

"सातच आहे. पण पुढे सगळे बरे होते हो. मी आत्ता सांगते पुढचे."

"आता सांगाल," सटवा म्हणाला. "बाईमाणूस रडलं म्हून सांगाल. परवा चारचौघांत पोथी थांबली ती सातावर थांबली." आणि वैरणीचे धाट मोडत बसला.

खोटे बोलला नाही तो. थांबवली मीच. सातावर. पुण्यात थांबले की माणसे तोंडाला पाणी सुटून घरी जातात, कारण घरी जेवण असते.

बुधवार, १३ डिसेंबर

सुंदरराव येऊन गेले. सोसायटीचे चेअरमन, खादीचे कपडे, बोलणे गोड पण आज तेवढे नव्हते. चहा घेतला नाही. साखर वाचली, पण बरे वाटले नाही.

"बाई, सरकारचं पत्रक येतं, मी चावडीवर वाचतो, कुत्रं ऐकत न्हाई. तुमी एक कथा सांगितली तर अर्धी आळी बाजाराला निघाली."

सोसायटीने गुरांची छावणी काढायची असे ठरले आहे. चारा सरकारचा, देखरेख सोसायटीची. पण पुरेशी गुरे नोंदली गेली तरच मंजुरी. सटवाच्या मागून म्हाळू, म्हाळूच्या मागून आणखी तिघे विकायला निघाले, तर छावणी कागदावरच राहणार. लोक आधीच बिचकतात. गुरांच्या कानात सोसायटीचा बिल्ला मारला की गुरे कुणाची, असे विचारतात.

आमचे हे नुकतेच कामावरून येऊन बाजूला ऐकत बसले होते. सुंदरराव गेल्यावर आधी हसले, मग हसणे ओसरले. "हन्ना, सांग ना त्यांना की सात नाही, तीनच होती. कोण बघायला येतंय?"

कोण बघायला येतंय म्हणजे काय.

शुक्रवार, १५ डिसेंबर

सरबत गाळले. धडा आला.

पाकीट चुलीपुढेच फोडले. मास्तरांनी नेहमीप्रमाणे आधी ख्यालीखुशाली लिहिली आहे. मागच्या शनिवारी वर्गाला दोघेच होते, ते आणि मिल्कामावशी. मावशी झोपली तेव्हा ते एकटे. माझी उत्तरे तिला जागे करून वाचून दाखवतात. लिहिले आहे, "आता वर्ग तुमच्याकडेच चालतो म्हणायचे." मास्तरांची थट्टा करायची सवय जात नाही.

पण धड्यात चौथ्या बंदावर हे आहे: वाडवडील सांगतात की दुष्काळ सात वर्षांचा ठरला होता खरा, पण म्हातारा याकोब मिसरात आला आणि त्याने राजाला आशीर्वाद दिला, त्याच्या पुण्याईने दोनच वर्षांत दुष्काळ सरला.

मी हे कधी ऐकलेच नव्हते. किंवा ऐकले त्या दिवशी चहा करायला उठले असेन. तीनदा वाचले. मूळ ग्रंथातले शब्द हे नव्हेत, वाडवडिलांचे आहेत, पण आमच्यात त्यांचे म्हणणे ग्रंथाच्या बरोबरीने धरायचे असते. तरी मन खाते. मला हे खरे म्हणून सांगायचे आहे की चांदी वाचावी म्हणून? खरे असून चांदीही वाचत असेल तर दोष आहे का? मास्तरांना विचारायला वेळ नाही. दिवा लावायची वेळ झाली.

रविवार, १७ डिसेंबर

आज बायकांच्या मागे पुरुषही आले. ते आत बसेनात, अंगणाच्या दगडी गडग्याला टेकून उभे राहिले. सटवा, म्हाळू, एका कडेला सुंदरराव, खास माणूस पाठवून मागवलेल्या खुर्चीवर. हे दारात.

मी ओवीला हात घातला नाही. सरळ ग्रंथ उघडला आणि वाचत सांगत गेले. योसेफाने भावांना ओळख दिली तिथे साखराबाई हुंदके देऊन रडली. म्हातारा बाप गाड्यांतून मिसरात आला, लेकाच्या गळ्यात पडला. मग मास्तरांचा कागद वर धरून सांगितले: हे ग्रंथातले नाही, आमच्या वाडवडिलांचे आहे. म्हाताऱ्याच्या पायाने दुष्काळ दोन वर्षांत सरला. पाच वर्षे माफ झाली.

बायकांनी टाळ्या पिटल्या. सटवा गडग्यावरून म्हणाला, "बरं झालं त्यांचं. आमच्याकडं कोण म्हातारा येणार हाय?"

"तुझी आई हाय की बे," म्हाळू म्हणाला. "तिला म्हणावं दे आशीर्वाद."

"मेल्या, माझा आशीर्वाद फळत असता तर तू जन्मलाच नसतास," सारजाबाई म्हणाली. सगळे हसले. सटवाही. मला वाटले जिंकले.

पण तो म्हणाला, "वाचा पुढं. आज मधी थांबायचं न्हाई."

पुढे काय आहे ते मला माहीत होते. कुंपण आले म्हणून वाट बदलता येत नाही. वाचले. लोकांचे पैसे संपले. ते योसेफाकडे आले. तो म्हणाला, गुरे आणा, धान्य देतो. त्यांनी गाई, घोडे, मेंढरे आणून दिली. पुढच्या वर्षी म्हणाले, आता गुरेही राहिली नाहीत, जमिनी घ्या, आम्हाला घ्या. योसेफाने राजासाठी जमिनी घेतल्या.

सटवा गडग्यावर एकेक बोट टेकवत गेला.

"आधी गुरं," सटवा सावकाश म्हणाला, "मंग वावर, मंग माणसं. चेरमनसाहेब, ही तर तुमची सोसायटीच झाली!"

काय हशा उसळला! सुंदरराव खुर्चीतून उठले. कान लाल झालेले. मला वाटले निघून जाणार. नाही गेले. म्हणाले, "सटवा, लिहून देतो. सोसायटीच्या कागदावर, शिक्का मारून. गुरं ज्याची त्याला परत. पाऊस पडंल त्या दिवशी."

"आन् छावणीत वासरू झालं तर?"

"वासरासकट."

बायनाबाईने माझा हात धरला होता, तो घट्ट केला.

सटवाने सुंदररावांकडे न बघता मला विचारले, "बाई, त्या येसूबा कारभाऱ्यानं दिली का गुरं परत? दुष्काळ सरल्यावर?"

मी पाने उलटली. योसेफाने बियाणे दिले, ते आहे. पाचवा हिस्सा राजाचा, ते आहे. गुरांचे नाव नाही. पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवले. नाही.

"इथे लिहिलेले नाही," म्हटले.

"मंग तुमच्या पुण्याच्या म्हाताऱ्यांला विचारा. चेरमन कागद देतेत, कागद आमी लई बघितले. एवढा मोठा देवमाणूस कारभारी, त्यानं गुरं परत केली असतील तर मी चांदीला छावणीत घालीन. न्हाई केली तर बाजार दर सोमवारी हाय."

"आणि उद्याचा?" बायनाबाई म्हणाली.

"उद्या कसं जाऊ? बाईचं पत्र यायचंय अजून."

म्हाळू म्हणाला, "मंग मी तरी एकटा जाऊन काय करू, बे?"

सोमवार, १८ डिसेंबर

बाजाराचा दिवस. भिंतीपलीकडे चांदी बांधलेली आहे, मी सकाळपासून दोनदा पाहून आले. या आठवड्याच्या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून झाली नाहीत. माणसांची ये-जा इतकी की बसायला सवड नाही. आधी हे पत्र. नेहमीप्रमाणे नक्कल इथे ठेवते.

ती. बिनयामीन मास्तरांस, हन्नाचा शालोम.

धडा पोचला. उत्तरे मागाहून पाठवते, क्षमा असावी. आज दुसरेच विचारायचे आहे. दुष्काळात मिसरच्या लोकांनी धान्यासाठी आपली गुरे योसेफाच्या हवाली केली. दुष्काळ सरल्यावर त्याने ती ज्याची त्याला परत दिली का? मधल्या काळात झालेली वासरे कुणाची धरली? मला ग्रंथात सापडत नाही. आपल्या वर्गात इतकी वर्षे हा भाग वाचला, पण हे विचारणारे कुणी नव्हते, कारण आपल्यात कुणाकडे गाय नव्हती.

विचारणारा माझा शेजारी सटवा. त्याच्या चार गाई आहेत आणि त्यांतली एक गाभण आहे. तुमचे उत्तर येईपर्यंत त्याने त्या विकायच्या नाहीत असे ठरवले आहे, आणि त्याच्याकडे बघून आणखी चौघे थांबले आहेत. तुमच्याकडच्या जुन्या टीपा, सिनेगॉगाच्या कपाटातली हझ्झानसाहेबांची प्रार्थनेची पुस्तके, जिथे म्हणून काही असेल तिथे बघा. मिल्कामावशीलाही विचारा, तिला कधी कधी नेमके ठाऊक असते. परत दिली नसतील तर तसेच लिहा, माझ्यासाठी गोड करू नका. इथे लोक पान दाखवा म्हणतात.

सोबत परतीचे पाकीट तिकीट लावून ठेवले आहे. पुढचा बाजार येत्या सोमवारी भरतो. त्याच्या आत, उलट टपाली कळवावे.